संघ बांधणाऱ्याला गुण कसे द्यायचे?

जानेवारी २०१८च्या आयपीएल लिलावात चेन्नई सुपर किंग्जनं कोथरूडच्या केदार जाधवसाठी ७ कोटी ८० लाख रुपये मोजले. संपूर्ण संघासाठी खर्चाची मर्यादा ८० कोटींची, म्हणजे जवळपास दहावा हिस्सा एका खेळाडूवर गेला. ७ एप्रिलला वानखेडेवर पहिलाच सामना होता, समोर मुंबई इंडियन्स. मांडीमागचा स्नायू दुखावल्यामुळे केदारला फलंदाजी अर्धवट सोडून बाहेर जावं लागलं. ड्वेन ब्राव्होनं ३० चेंडूंत ६८ धावा काढून सामना ओढून आणला, आणि नऊ गडी बाद झाल्यावर केदार लंगडत परत आला. धावणं शक्य नव्हतं. शेवटच्या षटकात त्यानं एक षटकार आणि एक चौकार मारला आणि सामना जिंकला. त्या मोसमातला त्याचा तो पहिला आणि शेवटचा सामना. चेन्नईनं त्या वर्षी चषक जिंकला.

केदारला घेण्याचा निर्णय चांगला होता की वाईट? ‘पावणेआठ कोटींत एक सामना’ म्हणणारा चुकीचं बोलत नाही. ‘चषक तर जिंकला ना’ म्हणणाराही खरंच सांगतो. पण दोघंही निर्णयानंतर काय घडलं तेवढंच बघतात. लिलावाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला त्या दिवशी जे दिसत होतं ते वेगळं होतं. वर्षभरापूर्वी, १५ जानेवारी २०१७ला गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध ३५१ धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था ४ बाद ६३ झाली होती. तिथून केदारनं विराट कोहलीबरोबर द्विशतकी भागीदारी केली आणि ७६ चेंडूंत १२० धावा ठोकल्या. खाली वाकून टाकलेल्या त्याच्या ऑफस्पिनवर भागीदाऱ्या फुटत होत्या. मधल्या फळीत खेळणारा, गरज पडली तर यष्टिरक्षण करणारा, चार षटकं टाकू शकणारा भारतीय खेळाडू बाजारात दुर्मीळच असतो. त्या माहितीवर तो निर्णय समजण्यासारखा होता. पुढच्या दोन मोसमांतही मात्र केदारच्या बॅटीतून धावा आल्या नाहीत. २०२०मध्ये त्याच्या नावावर ६२ धावा लागल्या आणि नंतर चेन्नईनं त्याला सोडलं. म्हणून तीन वर्षांचा हिशेब मांडला तर हा सौदा तोट्याचाच ठरतो. समजण्यासारखा निर्णय आणि तोट्याचा सौदा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. संघबांधणीचं मूल्यमापन अवघड होतं ते इथेच.

याच संघानं डिसेंबर २०१८च्या लिलावात पिंपरी-चिंचवडच्या ऋतुराज गायकवाडला २० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं. पहिलं वर्ष तो बाकावर होता. २०२०मध्ये संधी मिळाली तेव्हा पहिल्या तीन डावांत मिळून त्यानं ५ धावा केल्या. त्या दिवशी कुणी निकाल दिला असता तर ‘२० लाख वाया’ असाच दिला असता. त्यानंतर सलग तीन अर्धशतकं आली, आणि २०२१मध्ये ६३५ धावा करून तो स्पर्धेत सर्वाधिक धावा करणारा फलंदाज ठरला. चेन्नईनं त्याही वर्षी चषक जिंकला. निवड करणारी मंडळी तीच, पद्धतही तीच होती. केदारकडे बोट दाखवून त्यांना नापास करता येईल आणि ऋतुराजकडे बोट दाखवून पहिल्या वर्गात पास करता येईल. एकेका खरेदीवरून माणसाची पारख जोखण्याची आपली सवयच मुळात सदोष आहे.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार झाला तो अमेरिकेत, बेसबॉलमध्ये. तिथे प्रत्येक क्लबात जनरल मॅनेजर नावाचा अधिकारी असतो. मैदानावर डावपेच ठरवणारा प्रशिक्षक निराळा. जनरल मॅनेजर कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, कुणावर किती पैसे लावायचे ते ठरवतो. नवे खेळाडू येतात ते ‘ड्राफ्ट’मधून. १९६५पासून चालत आलेल्या या पद्धतीत क्लब आळीपाळीनं शाळा-कॉलेजातल्या खेळाडूंची नावं पुकारतात, आणि आदल्या वर्षी तळाला राहिलेल्यांना साधारणपणे आधी संधी मिळते. लिलाव नसल्यामुळे इथे पैशापेक्षा नजर महत्त्वाची ठरते. निवडलेली पोरं अठरा-एकवीस वर्षांची असतात. ती मुख्य संघात पोचेपर्यंत तीन-चार वर्षं जातात, आणि बहुतेक कधीच पोचत नाहीत.

२००९च्या ड्राफ्टमध्ये एंजल्स या क्लबाला चोविसावी आणि पंचविसावी अशा लागोपाठ दोन निवडी मिळाल्या. चोविसाव्या क्रमांकावर त्यांनी रँडल ग्रिचक घेतला, पंचविसाव्यावर माइक ट्राउट. ट्राउटनं पुढे तीन वेळा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि त्याच्या पिढीतला सर्वांत मोठा बेसबॉलपटू म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. ग्रिचकनं चांगली, पण साधारण कारकीर्द केली. ट्राउटच्या आधी चोवीस नावं पुकारली गेली, आणि त्यातलं शेवटचं खुद्द एंजल्सनंच पुकारलं होतं. ट्राउट इतका मोठा होईल अशी त्यांची खात्री असती तर एक जागा तरी आधी त्याला घेतलंच असतं. पंचविसाव्या निवडीतून बहुधा काय हाती लागतं याचा अंदाज गेल्या अनेक दशकांच्या नोंदींवरून काढता येतो. त्या अंदाजापेक्षा ट्राउट कितीतरी पट अधिक ठरला, म्हणून श्रेय द्यायलाच हवं. पण ती कमाई सगळी नजरेची नव्हती, नशिबाचाही त्यात वाटा होता.

त्या वर्षी एंजल्सच्या निवडीची धुरा एडी बेन यांच्याकडे होती. त्याच ड्राफ्टमधून त्यांनी पॅट्रिक कॉर्बिन, गॅरेट रिचर्ड्स, टायलर स्कॅग्ज असे पुढे मुख्य लीगमध्ये उभे राहिलेले गोलंदाजही उचलले. एवढी समृद्ध निवड एका वर्षात क्वचितच साधते. पण २०१०च्या शरद ऋतूत क्लबानं बेन यांना नोकरीवरून काढून टाकलं, आणि ट्राउट मुख्य संघात पहिल्यांदा उतरला तो जुलै २०११मध्ये. पीक शेतात उभं राहण्याआधीच पेरणाऱ्याला शेताबाहेर काढल्यासारखं झालं. मला ही गोष्ट क्रीडाप्रशासनातली सर्वांत बोलकी वाटते, कारण आपल्याकडेही निवड समित्या, प्रशिक्षक, व्यवस्थापक यांचा फैसला मोसमाच्या शेवटी गुणतक्ता बघूनच होतो. त्या तक्त्यावरचं बरंचसं काम तीन वर्षांपूर्वीच्या माणसानं केलेलं असतं.

चांदणी चौक ओलांडून बालेवाडीला सामने बघायला जाणाऱ्या कोथरूडकरांना याचं सर्वांत जवळचं उदाहरण ‘पुणेरी पलटण’चं. प्रो कबड्डी २०१४मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन्ही मोसमांत पलटण तळाला होती. आता गेल्या काही वर्षांतल्या तीन अंतिम सामन्यांचे गुणफलक पाहा. १७ डिसेंबर २०२२ला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ असा पराभव. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय. ३१ ऑक्टोबर २०२५ला दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ असा पराभव. तिन्ही वेळा पलटणीचे गुण जवळजवळ तेवढेच, २९, २८ आणि पुन्हा २८. जिंकलेल्या सामन्यातला फरक तीन गुणांचा, नंतर हरलेल्या सामन्यातलाही तीनच गुणांचा. कबड्डीत एका चढाईत चार गुण येऊ शकतात, आणि पंकज मोहितेनं हैदराबादेत नेमकी तशी चढाई करूनही दाखवली. अशा खेळात एका रात्रीच्या तीन गुणांवर ‘संघ उत्तम बांधला’ किंवा ‘संघ चुकीचा बांधला’ असं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याऐवजी साखळी फेरीकडे पाहावं. २०२३-२४च्या दहाव्या मोसमात पलटण २२ सामने खेळली, १७ जिंकली, ३ बरोबरीत सुटले आणि फक्त २ हरली. ९६ गुणांसह ती पहिली आली. मिळवलेल्या आणि दिलेल्या गुणांमधला फरक अडीचशेच्या वर होता. नशीब एका सामन्यात फिरतं, बावीस सामन्यांत त्याचं पारडं बरंचसं समतोल होतं. २०२५च्या बाराव्या मोसमातही साखळीच्या तक्त्यात पलटणच वर होती. बांधणीचं काम जोखायचं तर हे दोन तक्ते चषकापेक्षा अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहेत.

दहाव्या मोसमाचा तो संघ उभा कसा राहिला? ऑक्टोबर २०२३च्या लिलावात प्रत्येक संघाला ५ कोटींची मर्यादा होती. पलटणीनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख लावले. एका खेळाडूवर जवळजवळ निम्मी थैली. मैदानात सात जण लागतात आणि राखीव खेळाडू धरून पथक अठरा-वीस जणांचं तरी हवं. एवढी रक्कम एकावर लावल्यावर उरलेल्यांचं काय? पलटणीला ते परवडलं, कारण मुख्य सात जणांमधले बरेचसे तिनं स्वतः तरुणपणी आणून वाढवलेले होते. लीगमध्ये नवोदित तरुण खेळाडूंसाठी वेगळी व्यवस्था आहे. त्यांचं मानधन कमी असतं आणि संघाला त्यांना पुढच्या मोसमांसाठी राखता येतं. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघं २०२१-२२च्या आठव्या मोसमात असेच आले. त्या वर्षी पोस्टरवर झळकत होते ते राहुल चौधरी आणि नितीन तोमर. अस्लम अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा. आकाश शिंदे नाशिकचा. बचावात गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन. पलटणीनं आपल्या ‘युवा पलटण’ उपक्रमातून मुलं हेरून, त्यांना वर्षभर एकत्र ठेवून तयार करण्याचा रस्ता धरला होता.

शादलूनं त्या मोसमात पकडीचे ९९ गुण घेतले आणि तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. स्पर्धेतला सर्वांत मोलाचा खेळाडू मात्र ठरला कर्णधार अस्लम. चषकाच्या फोटोत २ कोटी ३५ लाखांचा इराणी खेळाडू डोळ्यांत भरतो. पण त्याला घेण्याची ऐपत टाकळी ढोकेश्वरच्या, नाशिकच्या आणि हरियाणातल्या मुलांनी निर्माण केली होती. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली तो संघ खेळला, पण त्याचा पाया दोन मोसम आधीच घातला गेला होता, अनुप कुमार प्रशिक्षक असताना. श्रेय वाटताना ही तारीख विसरून चालत नाही.

याच लिलावात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची विक्रमी बोली लावली. पवन त्या काळातला देशातला सर्वोत्तम चढाईपटू, त्याबद्दल वाद नाही. टायटन्स २२पैकी २ सामने जिंकून तळाला राहिले. म्हणजे मोठी बोली वाईट असते असं नाही, पलटणीनंही मोठीच बोली लावली होती. मोठ्या बोलीच्या आजूबाजूला काय उभं आहे यावर सगळं अवलंबून असतं. लिलावाला स्वतःचा एक सापळाही असतो. पाच जण एकाच खेळाडूची किंमत आपापल्या परीनं अजमावतात, तेव्हा जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वांत उंच असतो, आणि सर्वांत उंच अंदाज बहुधा वास्तवापेक्षाही उंच असतो. अर्थशास्त्रज्ञांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांत हे ओळखलं होतं. आदल्या मोसमात तमिळ थलैवाजनं याच पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं, तो पहिल्याच सामन्यात जखमी होऊन बाहेर गेला, आणि तरीही थलैवाज नरेंदर कंडोलासारख्या नव्या मुलाच्या जोरावर उपांत्य फेरीत पोचले. तिथे पलटणीनं त्यांना ३९-३७ असं हरवलं. पवन जखमी झाला त्या दिवशी थलैवाजच्या व्यवस्थापनाला मूर्खात काढणाऱ्यांनी कंडोलाला शोधणारेही तेच लोक होते हे लक्षात घेतलं का?

अकराव्या मोसमात पलटणीनं शादलूला सोडलं. हरियाणा स्टीलर्सनं त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं आणि डिसेंबर २०२४मध्ये अंतिम सामन्यात पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवून चषक जिंकला, तोही बालेवाडीच्याच मैदानात. पलटण त्या वर्षी पहिल्या सहांतही आली नाही. पुण्यातल्या प्रेक्षकांना हे लागलं, आणि लागणारच. सोडण्याचा निर्णय चुकला असं मीही म्हणेन, पण सबंध अपयश त्याच्या माथी मारणार नाही. त्या मोसमात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर गेला होता. आणि पुढच्याच वर्षी, शादलूविना, अजय ठाकूर यांच्या प्रशिक्षणाखाली, तीच घरची मंडळी पुन्हा साखळीत पहिली आली. शादलूवर २ कोटी २३ लाख लावणारे गुजरात जायंट्स पहिल्या आठांत नव्हते. एका मोसमाचा पुरावा दुसऱ्या मोसमानं उलटवला. पाच वर्षांचा पट पाहिला तर पलटणीच्या बांधणीला मी वरच्या श्रेणीत ठेवीन. तरुण मुलं निवडण्यात ती अव्वल. मोठ्या बोलींत चांगली. मुख्य खेळाडू जखमी झाल्यावर त्याची जागा कोण घेणार याच्या तयारीत मात्र कमी पडलेली. २०२२च्या अंतिम सामन्यातही अस्लम दुखापतीमुळे नव्हता, त्यामुळे हा दोष योगायोगाचा म्हणून सोडून देता येत नाही.

पुण्यात याच्या अगदी उलट प्रयोगही झाला. रायझिंग पुणे सुपरजायंट हा आयपीएल संघ जन्मालाच दोन वर्षांचं आयुष्य घेऊन आला, २०१६ आणि २०१७. दोनच वर्षांनी विसर्जित होणाऱ्या संघात अठरा वर्षांचा मुलगा कोण वाढवणार? मग जे तयार आहे तेच घ्यायचं. २०१७मध्ये त्यांनी बेन स्टोक्सवर साडेचौदा कोटी लावले आणि तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण खरी चमक खालच्या किमतीत होती. महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी १० लाखांत आला आणि त्यानं ३९१ धावा केल्या, जयदेव उनाडकट ३० लाखांत आला आणि त्यानं २४ बळी घेतले. अंतिम सामन्यात मुंबईच्या १२९ धावांपुढे पुण्याच्या १२८ झाल्या. स्टोक्स तेव्हा इंग्लंडला परतला होता. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, ९ झाल्या. आणखी दोन धावा मिळाल्या असत्या तर आज त्या संघबांधणीवर पुस्तकं लिहिली गेली असती. बांधणाऱ्याचं काम मात्र त्या दोन धावांनी काडीनंही बदलत नाही.

या सगळ्यात एक नोंद कायम गहाळ असते, ती न निवडलेल्यांची. केदार जाधव २००४मध्ये महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात आला. भारतासाठी पहिला एकदिवसीय सामना खेळला तो नोव्हेंबर २०१४मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. २०१३-१४च्या रणजी मोसमात त्यानं सहा शतकांसह १२२३ धावा केल्या, देशात सर्वाधिक, आणि महाराष्ट्र दोन दशकांनी अंतिम फेरीत पोचला. मधली वर्षं ज्या निवडकर्त्यांनी त्याला पाहिलं, त्यांनी काय लिहून ठेवलं होतं? कुणाला त्याच्यात काय दिसलं, कुणाला काय दिसलं नाही? बेसबॉलमध्ये खेळाडू हेरणारे स्काउट वीसपासून ऐंशीपर्यंतच्या मापावर प्रत्येक गुणाला आकडा देतात, सही करतात, आणि तो कागद जपला जातो. जुन्या दिग्गजांवरचे असे अहवाल तिथल्या क्रीडासंग्रहालयानं लोकांसमोर मांडलेले आहेत. माइक पियाझाला १९८८मध्ये बासष्टाव्या फेरीत, १३९०व्या क्रमांकावर घेतलं गेलं आणि २०१६मध्ये तो सन्मानदालनात गेला. अशी चूक कुणी, कधी, कशी केली हे तिथे शोधता येतं, आणि म्हणून पुढच्या वेळी कुठे बघायचं हे शिकता येतं.

आपल्याकडे जिल्हा निवड चाचणीला शेकड्यांनी मुलं येतात, संध्याकाळी यादी लागते आणि दिवस संपतो. कबड्डी असो वा क्रिकेट, ज्या मुलांची नावं यादीत नाहीत त्यांच्याबद्दल एक ओळही मागे राहत नाही. संघटनांनी हे बदलावं, आणि याला फार पैसा लागत नाही. चाचणीला आलेल्या प्रत्येक मुलाचं वय, तो कुठल्या तालमीतून किंवा क्लबातून आला, त्याला पाहायला निवडकर्त्यांनी किती वेळ दिला, प्रत्येक निवडकर्त्यानं स्वतंत्रपणे दिलेले गुण आणि नाकारलं असेल तर दोन वाक्यांत त्याचं कारण, एवढं लिहून ठेवावं. मुलांची नावं गुप्त राहू देत, गुण देणाऱ्यांची मात्र जाहीर असू देत. पाच वर्षांनी तो कागद काढला की कुणाच्या नजरेला काय दिसत होतं ते कळेल. चाचणीत नाकारलेल्या मुलालाही, त्यानं मागितलं तर, आपल्याबद्दलची ती दोन वाक्यं वाचायला मिळायला हवीत.